शेवटचा शब्द साध्या आवाजात

“मग मेतवल्ली, पोर दिलीस ना आम्हाला?” मुलाच्या वडिलांनी, तांडेल अवदल्लांनी विचारलं, आणि बैठकीतल्या साऱ्या माना माझ्या नवऱ्याकडे वळल्या.

मी लाल सरबताचे पेले घेऊन दाराशी उभी होते. नवऱ्याच्या तोंडून होकार यायचा, मग सगळ्यांनी तळहात उघडून फातिहा म्हणायची, की सोयरीक पक्की. ट्रे जड होता आणि माझ्या पाठीमागे आमची मुलगी नेस्मा श्वास रोखून उभी होती. मेतवल्लीने तोंड उघडलं. “दि…” एवढंच आलं. गळा कुणीतरी मुठीत धरावा तसा आवाज पिळवटला, तुटला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा तुटला. कपाळावरची शीर फुगली. “दि… दि…”

तांडेलांनी उघडलेले तळहात हळूच मांडीवर ठेवले. त्यांच्या भावाने त्यांच्याकडे पाहिलं. मग ते उठले, जोडे चढवले आणि म्हणाले, “घाई नाही. फातिहा सावकाश म्हणू.” सरबताला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या गावात हे घडलं असतं तर लोक म्हणाले असते, बापाचं मन भरून आलं. पण नाईल जिथे समुद्राला मिळते, तिथल्या आमच्या इझ्बत अल-बुर्जमध्ये ज्याच्या त्याच्या अंगाला मासळीचा वास, आणि माझा नवरा मासळीबाजारात लिलाव पुकारणारा. या पुकाऱ्याची एक रीत आहे. टोपली पुढे आली की पुकारणारा भाव गात गात चढवतो. बोली थांबली की गाणंही थांबवतो आणि शेवटचा शब्द साध्या आवाजात बोलतो, “बरकत असो, अमक्याची झाली.” त्या शब्दावर सौदा मिटतो. आता पुकारणारा खातो विकणाऱ्याचं मीठ. वरची तारली ताजी आणि खालची परवाची असली, तरी त्याला ते उघड बोलता येत नाही. म्हणून प्रामाणिक पुकारणारा अशा वेळी शेवटच्या शब्दावर जरासा अडखळतो. घेणारा समजायचं ते समजतो आणि काढता पाय घेतो. कुणी कुणाला काही बोललेलं नसतं, आणि बाजारात कुणाची अब्रूही जात नाही.

तर तांडेल का उठले, ते कळलं असेल. बाजारातला सगळ्यात प्रामाणिक पुकारणारा स्वतःच्या मुलीपाशी येऊन अडखळला होता. मुलगी म्हणजे टोपली नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. पण बाजारात जन्म काढलेल्या पुरुषांना दुसरे कान कुठून आणायचे?

मेतवल्लीचा घसा काही त्या दिवशी बिघडला नव्हता. कितीतरी वर्षं हे चाललं होतं. सुरुवातीला फोनवर अडायचा. मग माझ्याशी बोलताना, मग कुणाशीही. गंमत अशी, की पहाटे बाजारात पुकारा सुरू केला की तोच आवाज असा खणखणीत निघायचा, की नदीच्या तोंडाशी असलेल्या होड्यांवरच्या लोकांना ऐकू जायचा. भाव गाताना एक अक्षर अडत नसे. अडायचा तो फक्त शेवटचा, साधा शब्द. त्यापायी चांगल्या ताज्या टोपल्या पडून राहायला लागल्या आणि त्याचा मालक, मुअल्लिम दसूकी, त्याच्या अंगावर ओरडायला लागला. शेवटी मेतवल्लीने शेवटचा शब्दही गायला सुरुवात केली. लोक हसले, मग त्यांना सवय झाली.

पण घरी काय करायचं? माझी बहीण सरळ म्हणाली, “बाहेर सुटतो आणि घरात अडतो? इन्साफ, डोळे उघड. दुसरीकडे कुठेतरी बोलून येत असणार.” मी तिला हाकलून दिलं आणि मग पंधरवडाभर नवऱ्याच्या शर्टांचा वास घेत बसले. त्यांना तारलीखेरीज कसलाही वास येत नव्हता. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी सांगितलं, मनावरचा ताण आहे, समुद्रावर फिरा. आम्ही राहतोच समुद्रावर. सासूबाईंनी पेरूची पानं उकळून पाजली, शेखांनी पाण्यावर फुंकर घालून दिली. काही झालं नाही.

मग मीच त्याच्यावर प्रयोग करायला लागले. मला एखादी गोष्ट कळली नाही की झोप येत नाही. लक्षात आलं, की तो कुजबुजला तर अडत नाही. मांजराला शिव्या देताना अडत नाही. हसता हसता बोलला तर अडत नाही. आणि गायला तर मुळीच नाही. मी म्हटलं, “मग जेवताना गाऊन माग की!” त्याने आधी डोळे वटारले. पण एके दिवशी खरंच ताटावर बसून पुकाऱ्याच्या चालीत सुरू झाला, “मीऽऽठ दे गं इन्साफ, मीऽऽठ!” खालच्या मजल्यावरून शेजारणीने विचारलं, “केवढ्याला सुटलं गं मीठ?” नेस्मा हसून हसून खाली बसली. तोही हसला. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने काही मागणंच सोडलं. मीठ कमी असलं तर तसंच जेवायचा.

सरबत तसंच राहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तांडेलांच्या घरी गेले. नेस्मा औषधांच्या दुकानात काम करायची. तिथे येणाऱ्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, की मन्सूरा शहरातल्या इस्पितळात एक डॉक्टरीण फक्त आवाजाचे आजार बघते. मी तांडेलांना म्हटलं, “मेतवल्लीचा घसा आजारी आहे. मनात काही नाही त्याच्या.”

“घसा आजारी?” ते म्हणाले. “आज पहाटे मी नावेवर चहा पीत होतो. तिथपर्यंत ऐकू आला मला तुझ्या नवऱ्याचा आजारी घसा.”

“तेच तर कुणाला कळत नाहीये! मी त्याला मन्सूऱ्याला नेते आहे. तुम्हीच चला ना बरोबर. आपल्या डोळ्यांनी बघा. त्यातून खोटं निघालं तर पोराला दुसरी मुलगी बघा, मी शब्दाने बोलणार नाही.”

तांडेलांच्या बायकोने मागून सांगितलं, “जा हो. नाहीतर पोरगा जेवायचं सोडून बसलाय, त्याला तुम्हीच भरवा.” आणि तांडेल खरंच आले. त्यांच्याच पिकअपमधून आम्ही गेलो. मेतवल्ली वाटभर खिडकीबाहेर बघत होता. चाचणीला निघालेल्या माणसाबरोबर परीक्षकही त्याच गाडीत बसलेला, तो तरी काय करणार?

डॉक्टर मुनीरा ठेंगण्या, घाईघाईने चालणाऱ्या, आणि माणसाकडे बघताना मान तिरकी करायची सवय असलेल्या. त्यांनी घसा बघितलाच नाही आधी. समोर बसवलं आणि विचारलं, “सकाळी काय खाल्लंत?”

“भा… भा… क…” मेतवल्लीच्या मानेच्या दोऱ्या ताठ झाल्या.

“तेच कुजबुजून सांगा.”

“भाकरी, चीज आणि काकडी,” तो कुजबुजला. सरळ, एका दमात.

“आता हसा.”

फर्मानावर कुणाला हसू येतं? तो नुसते दात दाखवून बसला. तेव्हा तांडेलच म्हणाले, “अरे, दसूकीच्या पायघोळ जलाबियात जिवंत बोय मासा शिरला होता, तो आठव की.” मेतवल्ली फिस्सकन हसला आणि हसता हसताच म्हणाला, “आणि तो म्हणतो कसा, धरा, धरा, मला नाही, माशाला धरा!” सगळं वाक्य. डॉक्टरीणबाईंचे डोळे चमकले. मी घरी जे वर्षभर चाचपडत शोधलं होतं, तेच त्या एकेक करून विचारत होत्या. माझी छाती अभिमानाने फुगली, हे कबूल करायला हरकत नाही.

“आता पुकारा करा.”

“इथे?” तो कुजबुजला. “बाहेर आजारी माणसं आहेत.”

“त्यांनाही जरा करमणूक होईल.”

त्याने डोळे मिटले आणि सुरू केलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. दारातून चार डोकी आत आली, आणि हाताला प्लास्टर असलेल्या एका म्हातारीने विचारलं, “कोळंबी आहे का रे बाबा?” डॉक्टरीणबाईंनी तिला हसून बाहेर काढलं. मग त्यांनी मेतवल्लीला हात पुढे धरायला लावले, चालायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं, मान इकडे तिकडे फिरवून पाहिली. मी विचारलं, “घशासाठी पाय कशाला बघता?” त्या म्हणाल्या, “कारण मला वाटतं, हा घशाचा आजार नाहीच. हालचालीचा आहे. आणखी कुठे हात-पाय थरथरतात का, वळतात का, ते बघायला हवं.” कुठेच काही नव्हतं.

शेवटी त्यांनी नाकातून बारीक नळी आत सोडली आणि पडद्यावर चित्र आलं. दोन पांढऱ्या पट्ट्या. मेतवल्लीने सूर धरला की त्या अलगद जवळ यायच्या आणि मऊ थरथरायच्या. “आता बोला,” म्हटलं, की धाडकन एकमेकींवर आपटायच्या आणि दार लावून घ्यायच्या. आवाज त्या दारामागे कोंडायचा. तांडेल पडद्यापाशी नाक नेऊन उभे होते.

“म्हणजे हा मुद्दाम दाबत नाही?”

“कुणालाही मुद्दाम असं करता येणार नाही. तुम्ही करून बघा. मेंदूतून चुकीचा हुकूम सुटतो. एखाद्या कारकुनाचा हात पेन धरलं की वाकडा होतो, पण त्याच हाताने तो भाकरी मोडतो, गुंडी लावतो. यांचं तसंच आहे. फक्त बोलायचं म्हटलं की होतं.”

“मग मनाचं नाही?” मी विचारलं.

“मन अस्वस्थ असलं की वाढतं. पण मनातून येत नाही.”

मला रडू आलं. राग पण आला, पित्ताच्या गोळ्या देणाऱ्यांचा, बहिणीचा आणि त्या शर्टांचा. डोळे पुसून मी विचारलं, “मग पुकाऱ्याला तो मेंदू का अडवत नाही?”

डॉक्टरीणबाईंनी मान तिरकी केली. “ते नीटसं कुणालाच माहीत नाही, ताई. मलाही नाही. म्हणून तर मला हे काम आवडतं.”

मग त्यांनी उपाय सांगितला. गळ्यात बाहेरून सुई द्यायची, बोटॉक्सची. औषध त्या आपटणाऱ्या स्नायूला ढिला करतं. सुरुवातीला आवाज नुसता वाऱ्यासारखा येईल, पाणी पिताना ठसका लागेल. काहींचा वारा लवकर जातो, काहींचा रेंगाळतो. मग तीनेक महिने माणूस मोकळा बोलतो. मग औषध उतरतं, पुन्हा घ्यायचं. आजार कायमचा जात नाही.

“आणि पुकारा?” मेतवल्ली कुजबुजला.

त्या म्हणाल्या, “जो स्नायू बोलताना दगा देतो, तोच पुकारताना जोर देतो. बोलण्यापुरता ढिला आणि पुकाऱ्यापुरता घट्ट, असं मला करता येत नाही. औषध अंगात आहे तोवर तुमचा आवाज मोठा होणार नाही.”

तारलीचा हंगाम तोंडावर आला होता. हंगामात गप्प बसलेल्या माणसाची जागा दसूकी राखून ठेवणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तांडेलांनी एकदम मेतवल्लीच्या खांद्यावर हात टाकला. “सुईबिई काही नको. मी पाहिलं, मला पटलं, संपलं. पोरगी आमची. लग्नात ‘पोर दिली’ हा बापाचा शब्द तुझा भाऊ जाबेर तुझ्या वतीने बोलेल. शरियतला चालतं ते.”

मला काय हवं होतं, ते सरळ सांगते. मला सुई हवी होती. किती वर्षं मीच बोलत होते आणि भिंतीला उत्तर विचारत होते. पण त्याच्या जागी उभी राहिले की जीभ रेटत नव्हती. पहाटे पुकाऱ्याहून परतताना मेतवल्लीची चाल पाहायची एकदा. दिवसभरात तेवढ्याच वेळी तो मान वर करून चालायचा.

परतताना पिकअपचा आवाज एवढा, की कुजबूज ऐकू येईना. त्याने तांडेलांच्या खांद्यावर थाप मारून गाडी रस्त्याकडेला चहाच्या टपरीपाशी थांबवायला लावली. इंजिन बंद झालं. तो पुढे वाकला.

“तुम्ही पाहिलंत,” तो कुजबुजला. “मांडवात सगळा बाजार बसणार आहे. किती जणांना तो पडदा दाखवाल? मी अडखळलो तर मला कुणी काही म्हणणार नाही. माझ्या पोरीला म्हणतील. तिच्या सासरच्या दारात उभे राहून म्हणतील. आणि जाबेर बोलला तर म्हणतील, बापाला बोलायचंच नव्हतं.”

“अरे पण हंगाम…”

“हंगाम दरवर्षी येतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “सुई घेऊ या.”

पुढच्याच आठवड्यात त्याने सोयरीक गाऊन नाही, कुजबुजून नाही, तर मान हलवून पक्की केली. तांडेलांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “घशाचं औषध चालू आहे, बोलायची मनाई आहे.” तेवढी थाप त्यांना माफ. लग्नाची तारीख हंगामाच्या नावा समुद्रावर जाण्याआधीची धरली, कारण नवरामुलगाच नावेवर जाणार होता.

सुईच्या वेळी मी आतच होते. डॉक्टरीणबाईंनी सुईला जोडलेलं यंत्र लावलं, त्यातून पावसात रेडिओ खरखरतो तशी खरखर येत होती. “बोला,” म्हटलं की खरखर वाढायची. “हा सापडला,” त्या म्हणाल्या, आणि झालं. मेतवल्लीने माझा हात इतका घट्ट धरला होता, की माझी बोटं संध्याकाळपर्यंत दुखत होती.

काही दिवसांनी सकाळी मी चहाचा पेला त्याच्यापुढे ठेवला. तो प्यायला आणि म्हणाला, “इन्साफ, तुझा चहा फार गोड असतो. लग्न झाल्यापासून सांगायचं राहून गेलंय.”

आवाज म्हणजे नुसती हवा होती. पण वाक्य सुरू झालं होतं आणि कुठेही न तुटता संपलं होतं. मी तिथेच बसले. हसावं की पेला त्याच्या डोक्यात घालावा, कळेना. त्या दिवशी तो बोलत सुटला. चहा, दाराची कुरकुर, जाबेरचं घोरणं, माझ्या आईने त्याला पहिल्यांदा पाहून तोंड कसं केलं होतं ते. हवेसारख्या आवाजात सगळं. मी कामं टाकून ऐकत बसले.

बाजारात त्याच्या जागी हमदून नावाचा दामिएत्ताचा माणूस आला. पहाटे खिडकीतून त्याचा पुकारा आत यायचा. मेतवल्ली पडल्या पडल्या ऐकायचा. “शेवटी घाई करतो,” तो एकदा म्हणाला. दुसरं काही बोलला नाही. मी खिडकी लावायला उठले, तर हात धरून मला थांबवलं.

लग्नाच्या दिवशीही वारा पुरता गेला नव्हता. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, “यांचा रेंगाळणारा निघाला. पण बोलतील, अडणार नाहीत.” दुपारच्या नमाजानंतर गल्लीत मांडव भरला. रंगीत कापडाखाली सगळा बाजार बसला होता: तांडेल, खलाशी, बर्फवाले, टोपल्या वाहणारे, दसूकी, नवा हमदूनसुद्धा. किनाऱ्यावरची सगळ्यात मोठ्याने बोलणारी माणसं. आम्ही बायका वर गच्चीच्या कठड्याशी दाटीवाटीने उभ्या. नेस्मा माझ्या दंडाला धरून होती, तिची नखं मला टोचत होती.

खाली शेखांनी मेतवल्लीचा आणि नवऱ्यामुलाचा हात एकमेकांत दिला आणि वर पांढरा रुमाल टाकला. माइक मेतवल्लीच्या तोंडापुढे धरला. त्यातून नुसती फुफू बाहेर पडली, वादळात पडदा फडफडतो तशी. मागे कुणीतरी खिदळलं. मेतवल्लीने मोकळ्या हाताने तो दांडा बाजूला सारला. शेख काहीतरी म्हणाले, त्याने मान हलवली. नको.

मग त्याने समोर पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली.

पुढच्या रांगेने मागच्या रांगेला हाताने गप्प केलं. ती शांतता रांगेमागून रांग मागे सरकत गेली. बर्फवाल्यांनी पोरांना मांडीत दाबून धरलं, चहावाल्याने पेले हलवायचे थांबवले, दसूकीने तोंडातला घास तसाच ठेवला. अख्खा बाजार कान पुढे करून बसला होता. मी कठड्यावर ओणवी झाले, इतकी की नेस्माने मला मागे ओढलं. मला त्याचे ओठ दिसत होते. मानेच्या दोऱ्या ढिल्या होत्या. ओठ एकदाही थबकले नाहीत. शेखांनी वाक्यावाक्याला मान डोलावली, नवऱ्यामुलाने उत्तर दिलं, ते मात्र मला ऐकू आलं, कारण तो तरुण आहे आणि घाबरून मोठ्याने बोलला. तांडेल अवदल्ला उठले आणि सगळ्यांदेखत त्यांनी माझ्या नवऱ्याचं कपाळ चुंबलं. मग खालून एकच गलका उठला आणि वर आम्ही बायकांनी जिभा हलवत आनंदाच्या लांब किलकाऱ्यांनी गल्ली डोक्यावर घेतली.

सरबतं वाटून झाल्यावर तो जिना चढून वर आला. नेस्माला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरची फुलं चुरगळली म्हणून तिने त्याला दम दिला आणि मग रडली. ती आत गेल्यावर तो माझ्यापाशी कठड्याला टेकला. खाली खुर्च्या गोळा करत होते. कानाशी वाकून बोलला म्हणून मला कळलं.

“वरपर्यंत आला का गं आवाज?”

मी त्याच्या खांद्यावरचा तांदूळ झटकला.

“शब्द न् शब्द,” मी म्हणाले.